नंबर एका दुकानात, चष्मा दुसरीकडे : डोळ्यांची मापे कशी मागून घ्यावीत

चष्मा तयार करायला तीन प्रकारची मापे लागतात. पहिले माप डोळ्याचे, म्हणजे नंबर. दुसरे चेहऱ्याचे, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधले अंतर. चष्म्याच्या दुकानात त्याला पीडी म्हणतात. तिसरे माप फ्रेमचे. निवडलेली फ्रेम नाकावर बसली की काचेच्या खालच्या कडेपासून बाहुली किती उंचीवर येते, ते हे माप. पहिली दोन मापे माणसाबरोबर कुठेही जातात. ती सोलापुरात घेऊन चष्मा पुण्यात करता येतो, हैदराबादला राहणाऱ्या भावाकरवी करून घेता येतो किंवा मोबाइलवरून मागवता येतो. तिसरे माप मात्र फ्रेम बदलली की बदलते, म्हणून जो चष्मा विकणार त्यानेच ते घ्यायचे असते. एकीकडे तपासणी आणि दुसरीकडे खरेदी करताना जी फसगत होते, तिच्यामागे बहुतेक वेळा हा फरक माहीत नसणे हेच कारण असते.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत काम करणाऱ्यांसाठी याला आणखी एका मापाची जोड द्यावी लागते. ते म्हणजे कामाचे अंतर. या वसाहतीत टेरी टॉवेल आणि चादरी विणणारे यंत्रमाग आहेत, त्यांच्या जोडीला वाइंडिंग, वार्पिंग, रंगाई, शिलाई आणि तपासणीची खाती आहेत. प्रत्येक खात्यात डोळ्यापासून कामापर्यंतचे अंतर वेगळे असते. हे अंतर तपासणीच्या खोलीत कुणी विचारत नाही आणि कामगारही सांगत नाही. परिणामी नंबर अचूक निघूनही चष्मा मागावर उपयोगी पडत नाही. यासंबंधीची सविस्तर माहिती पुढे दिली आहे.

आधी नंबरची चिठ्ठी. तिच्यावर उजवा आणि डावा डोळा वेगळा लिहिलेला असतो. काही डॉक्टर त्यासाठी ओडी आणि ओएस ही लॅटिन आद्याक्षरे वापरतात, त्यातला ओडी म्हणजे उजवा. पुढे तीन रकाने येतात. एसपीएच म्हणजे गोल नंबर. दूरचे धूसर दिसणाऱ्याचा तो वजा असतो. अधिक चिन्हाचा नंबर दीर्घदृष्टीचा असतो, आणि वाचायच्या चष्म्याचा नंबरही बहुधा अधिकच असतो. सीवायएल म्हणजे आडवा नंबर, जो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वक्रता सर्व दिशांनी सारखी नसली की लागतो. अॅक्सिस म्हणजे त्या आडव्या नंबरचा कोन, १ ते १८० अंशांमधला. सीवायएल लिहिले आणि अॅक्सिस राहून गेला, तर ती चिठ्ठी निरुपयोगी समजावी. नंबर पावपावने, म्हणजे ०.२५ च्या टप्प्याने वाढतो.

चिन्हाबद्दल जरा आग्रहानेच सांगावे लागते. बोलताना ‘माझा दीड नंबर आहे’ एवढेच म्हणण्याची पद्धत आहे. त्यातून तो अधिक की वजा हे कळत नाही. फोनवरून चष्मा मागवताना +१.५० च्या जागी −१.५० गेले, तर तीन नंबरची चूक होते. घाईने लिहिलेल्या चिठ्ठीत वजाची बारीक रेघ शाईत हरवून जाते. म्हणून दुकानातून निघण्यापूर्वी प्रत्येक आकड्यापुढचे चिन्ह बोट ठेवून विचारून घ्यावे, आणि आडवा नंबर नसेल तर तिथे शून्य किंवा आडवी रेघ मारून घ्यावी, रकाना रिकामा ठेवू नये.

जवळच्या नंबरची ओळ हा सर्वांत घोटाळ्याचा भाग आहे. चाळिशीनंतर जवळचे दिसण्यासाठी दूरच्या नंबरवर जी भर घालावी लागते, तिला अॅडिशन किंवा अॅड म्हणतात. काही तपासनीस चिठ्ठीवर ही भर लिहितात, तर काही ‘जवळचे’ या ओळीत भर घालून आलेला पूर्ण नंबर लिहितात. समजा, दूरचा नंबर +१.०० आणि अॅड +१.५० आहे. मग जवळचा पूर्ण नंबर +२.५० झाला. चिठ्ठीवर फक्त +२.५० लिहिलेले असेल आणि ग्राहकाने ते मोबाइलवर अॅडच्या रकान्यात भरले, तर काच +३.५० ची तयार होऊन येते. असा चष्मा लावून वाचायला कागद नेहमीपेक्षा जवळ आणावा लागतो. विकणारा म्हणतो, भरले तसे दिले. चिठ्ठीवर ‘अॅड’ हा शब्द आणि त्यापुढे आकडा असा स्पष्ट लिहून घेतला की हा प्रश्न उरत नाही.

कंप्युटरवर डोळे तपासल्यावर यंत्रातून जी छोटी छापील पट्टी बाहेर येते, ती नंबरची चिठ्ठी नव्हे. ते यंत्र केवळ अंदाज देते. त्यानंतर डोळ्यांवर चाचणीची फ्रेम चढवून, काचा बदलत, ‘हे बरे की ते बरे’ असे विचारत जो नंबर ठरतो, तोच खरा. तरुणांच्या आणि मुलांच्या बाबतीत यंत्राचा वजा नंबर जास्त येण्याचा संभव असतो, कारण यंत्रात डोकावताना डोळा जवळ पाहण्याचा ताण घेतो. त्या पट्टीवरून थेट चष्मा बनवू नये. मात्र पट्टी फेकूनही देऊ नये, कारण अनेक यंत्रे तिच्यावर पीडी छापतात.

पीडी म्हणजे दूर पाहताना दोन बाहुल्यांच्या मध्यांमधले मिलिमीटरमधले अंतर. प्रौढ माणसांत ते बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असते. जवळ पाहताना डोळे आत वळतात, त्यामुळे जवळची पीडी दूरच्या पीडीपेक्षा ३ ते ४ मिलिमीटरने कमी भरते. काचेचा मध्यबिंदू बाहुलीसमोर यावा, एवढ्यासाठी हे माप लागते. तो सरकला की काच लोलकासारखी वागते आणि प्रकाश वळवते. किती वळवते, याचा हिशेब सोपा आहे : मध्यबिंदू जितके सेंटिमीटर सरकला, त्याला नंबरने गुणायचे. एक नंबरच्या काचेत ३ मिलिमीटरची चूक ०.३ इतकाच परिणाम करते, तो डोळा सहज पचवतो. तीच चूक −५.०० च्या काचेत १.५ होते, मग डोके जड होते, डोळे ओढल्यासारखे वाटतात, कधी अक्षरे दुहेरी दिसतात. म्हणून कमी नंबरवाल्याने पीडीची फार चिंता करू नये, आणि चारच्या पुढे नंबर असणाऱ्याने पीडीशिवाय बाहेरून चष्मा मागवू नये. नाक दोन्ही बाजूंना अगदी समान नसते, त्यामुळे शक्य असेल तर पीडी ‘३१/३२’ अशी, नाकाच्या मध्यापासून उजवी आणि डावी वेगळी मागावी. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत दूरपासून जवळपर्यंत नंबर सलग बदलत जाणाऱ्या काचेसाठी ती तशीच लागते.

आता मागायचे कसे. चष्म्याच्या बहुतेक दुकानांत तपासणी मोफत किंवा नाममात्र पैशांत होते आणि दुकानाची कमाई फ्रेम व काच यांवर असते. तपासणी करून घेऊन ग्राहक कागद घेऊन निघून गेला, तर दुकानदाराच्या अर्ध्या तासाचे मोल कुणीच देत नाही. त्याची नाराजी खोटी नसते. यावर सरळ मार्ग एकच आहे : तपासणीपूर्वीच बोलून घेणे. ‘चष्मा आत्ता घ्यायचा नाही, तपासणीचे जे होतील ते घ्या, पण नंबर आणि पीडी दोन्ही लिहून द्या’ एवढे वाक्य पुरते. पैसे द्यावेत, पावती घ्यावी. हे तपासणीनंतर सांगितले की वाद होतो, आधी सांगितले की तो व्यवहार होतो.

कायद्याची बाजूही माहीत असावी. नोंदणीकृत डॉक्टरला, म्हणजे नेत्रतज्ज्ञाला, भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता लागू आहे. रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्यात, असे तिच्यात म्हटले आहे. चष्म्याचे दुकान त्या नियमाखाली येत नाही. पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दुकानाला लागू आहे. एक सेवा हवी तर दुसरी वस्तूही घेतलीच पाहिजे, अशी सक्ती हा कायदा मान्य करत नाही आणि बिल किंवा पावती न देणे ही तो अनुचित व्यापारी प्रथा मानतो. तपासणीचे पैसे दिलेला माणूस ग्राहक ठरतो. मोफत तपासणी करून घेणाऱ्याची बाजू तिथे लंगडी पडते. पैसे देऊनही नंबर लिहून मिळाला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

पीडीबाबत मात्र हक्काची भाषा फारशी चालत नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७८ साली केलेल्या नियमानुसार तपासणी संपताच नंबरची चिठ्ठी जादा पैसे न घेता द्यावी लागते, ब्रिटनमध्येही चिठ्ठी तत्काळ देण्याचे बंधन आहे. तरी या दोन्ही नियमांनुसार पीडी त्या चिठ्ठीत देणे सक्तीचे नाही. ते माप चष्मा तयार करणाऱ्याच्या कामाचा भाग समजले जाते. म्हणून पीडी विनंती करून, लागल्यास वेगळे पैसे देऊन घ्यावी.

दुकानाऐवजी रुग्णालयात नंबर काढला, तर हा पेच मुळातच येत नाही. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सोलापूरकरांच्या सिव्हिलमध्ये, नेत्र विभाग आहे. तिथला केसपेपर रुग्णाच्या हातात असतो आणि तो घेऊन चष्मा कुठेही करता येतो. ज्या कारखान्यांना राज्य कामगार विमा योजना लागू आहे, तिथल्या महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना योजनेच्या दवाखान्यांतूनही तपासणी करून घेता येते. अडचण असते ती वेळेची. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागासाठी पाळी बुडवावी लागते, आणि म्हणूनच नवी पेठेतले संध्याकाळी उघडे असणारे दुकान कामगाराला सोयीचे वाटते. मधुमेह, रक्तदाब, डोळ्याला पूर्वी झालेली इजा, किंवा झपाट्याने बदलणारा नंबर यांपैकी काही असेल, तर पाळी बुडवणेच शहाणपणाचे. रक्तातली साखर वरखाली होत असताना नंबरही वरखाली होतो. साखर आटोक्यात आल्यावर काढलेला नंबरच चष्म्यासाठी वापरावा. लहान मुलांचा नंबर डोळ्यांत औषधाचे थेंब घालून डॉक्टरकडूनच काढून घ्यावा.

पीडी कुठेच मिळाली नाही, तर घरीही मोजता येते. मिलिमीटरच्या खुणांची पट्टी घ्यावी. मोजणाऱ्याने समोर, हातभर अंतरावर आणि डोळे समपातळीत येतील असे बसावे. पट्टी समोरच्याच्या नाकाच्या दांडीवर आडवी टेकवावी. मोजणाऱ्याने आपला उजवा डोळा मिटावा. समोरच्याने त्याच्या उघड्या डाव्या डोळ्यात पाहावे. पट्टीचे शून्य समोरच्याच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर आणावे. मग पट्टी न हलवता मोजणाऱ्याने डावा डोळा मिटून उजवा उघडावा, समोरच्याने आता त्या डोळ्यात पाहावे, आणि डाव्या बाहुलीच्या मध्यावर येणारा आकडा वाचावा. आपल्याकडे बुबुळे गडद तपकिरी असतात, त्यात बाहुलीचा मध्य चटकन ओळखू येत नाही. अशा वेळी उजव्या बुबुळाची बाहेरची कडा आणि डाव्या बुबुळाची नाकाकडची कडा पकडावी. अंतर तेवढेच येते. दोनतीनदा मोजून आकडा स्थिर येतो का पाहावे. एकच नंबर असलेल्या साध्या चष्म्याला हे माप पुरते. प्रोग्रेसिव्ह काचेला पुरत नाही.

आता कामाचे अंतर. नंबर आणि अंतर यांचे नाते असे आहे की एक मीटरला अंतराने भागले की त्या अंतरासाठी लागणारी ताकद मिळते. ४० सेंटिमीटरवर पाहायला २.५० ची ताकद लागते, ६६ सेंटिमीटरवर साधारण १.५०, आणि एक मीटरवर १.०० ची. तरुणपणी ही ताकद डोळ्यातले भिंग स्वतःच पुरवते. चाळिशीनंतर ते कमी कमी पुरवू लागते आणि साठीच्या सुमारास जवळजवळ काहीच पुरवत नाही. तपासणीच्या खोलीत जवळचा नंबर ४० सेंटिमीटरवर धरलेल्या तक्त्यावर काढतात, कारण पेपर, पोथी, मोबाइल एवढ्या अंतरावर धरले जातात. मागवाला पेपर वाचत नसतो. तो उभा असतो, त्याचे लक्ष फणीजवळच्या कापडावर आणि ताण्याच्या धाग्यांवर असते, आणि ते हातभर लांब असतात. पंचावन्न वर्षांच्या मागवाल्याला +२.५० ची अॅड दिली, तर हातातला पेपर स्वच्छ दिसेल आणि मागावरचा तुटलेला धागा धूसर. तो धागा पाहायला तो वाकेल, दिवसभर वाकत राहील, आणि संध्याकाळी पाठ दुखते म्हणेल.

यावर उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. तपासणीला जाण्यापूर्वी कामाच्या जागी नेहमीसारखे उभे राहून किंवा बसून डोळ्यापासून कामापर्यंतचे अंतर टेपने मोजून घ्यावे, एखाद्या सहकाऱ्याकडून मोजून घेतले तर अधिक बरे. मागावर अंतर एक येईल, शिलाई यंत्रावर दुसरे, टॉवेल तपासणीच्या टेबलावर तिसरे, हिशेबाच्या कंप्युटरवर आणखी वेगळे. तो आकडा तपासणाऱ्याला सांगावा आणि त्या अंतरावर नंबर काढून चिठ्ठीवर तसा शेरा लिहून घ्यावा : ‘६५ सेंटिमीटरसाठी’. वाचायचा नंबर वेगळा हवा असेल तर तोही लिहून घ्यावा. बाहेरच्या दुकानदाराला कामगाराचा माग कधीच दिसणार नाही. चिठ्ठीवरचा हा शेरा हीच त्याला मिळणारी एकमेव माहिती असते.

योग्य जवळचा चष्मा मिळाल्याने कामावर काय फरक पडतो, हे आसामातल्या चहाच्या मळ्यांत मोजले गेले आहे. चाळीस आणि त्याहून अधिक वयाच्या पाने खुडणाऱ्या कामगारांना जवळचा चष्मा देऊन केलेला हा अभ्यास २०१८ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत चष्मा मिळालेल्यांची उत्पादकता सुमारे २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. पान खुडणे आणि धागा जोडणे ही दोन्ही हातभर अंतरावरची कामे आहेत. कामगाराला मजुरी मीटरवर मिळत असेल, तर हा फरक थेट हातात पडणाऱ्या पैशांचा असतो. कारखानदारांनीही पाळी संपताना एखाद्या तपासनीसाला मागापाशी बोलावून अंतरासह नंबर काढून घेतले, तर त्यात त्यांचेही नुकसान नाही.

बाहेरून चष्मा घेताना फ्रेमचे माप जुन्या चष्म्यावरून काढावे. दांडीच्या आतल्या बाजूला ‘५२-१८-१४०’ असे आकडे असतात : काचेची रुंदी, नाकावरचे अंतर आणि दांडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. पहिल्या दोहोंची बेरीज पीडीच्या जितकी जवळ, तितकी काच पातळ आणि मध्यबिंदू जुळवणे सोपे. काचेच्या प्रकारात मागावर, वर्कशॉपमध्ये किंवा दुचाकीवर वापरायचा चष्मा पॉलिकार्बोनेटचा मागावा, कारण तो आघाताने सहसा फुटत नाही. अस्सल काचेची भिंगे धोटा उडण्याचा धोका असलेल्या जागी वापरूच नयेत. साधा चष्मा हा सुरक्षा गॉगल नाही. ग्राइंडिंग, वेल्डिंग किंवा रसायनांच्या कामात बाजूंनी झाकलेला वेगळा गॉगल लागतो.

रस्त्यावर मिळणारा तयार वाचायचा चष्मा सरसकट वाईट नाही. दूरचे चांगले दिसते, दोन्ही डोळ्यांना सारखाच जवळचा नंबर आहे आणि आडवा नंबर नाही, अशा माणसाला तो चालतो. पण त्याच्या दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात आणि पीडी ठरावीक असते, हे लक्षात ठेवून तो घ्यावा, आणि एकदा नंबर काढून मगच घ्यावा.

काही जणांनी चिठ्ठी घेऊन बाहेर जाऊ नये. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल काच हवी असणाऱ्याचे उंचीचे माप त्याच फ्रेममध्ये, चेहऱ्यावर घ्यावे लागते. दोनतीन मिलिमीटर चुकले तरी वाचायचा भाग नजरेखाली येत नाही. सहाआठच्या पुढे नंबर असेल, तर काच डोळ्यापासून किती दूर बसते यानेही नंबरचा परिणाम बदलतो. लहान मुलाची फ्रेम सारखी घसरते आणि वारंवार बसवून घ्यावी लागते. या सर्वांनी जवळचे, पुन्हा जाता येईल असे दुकानच गाठावे; तिथे दिलेले जादा पैसे वाया जात नाहीत.

चष्मा हातात आल्यावर तो चिठ्ठीबरोबर ताडून पाहावा. चष्म्याच्या बहुतेक दुकानांत काचेचा नंबर वाचणारे यंत्र, म्हणजे लेन्सोमीटर, असते. थोडे पैसे देऊन तयार काचांचा नंबर वाचून घेता येतो. आकडे वेगळे दिसले म्हणून लगेच भांडू नये. आडवा नंबर दोन पद्धतींनी लिहिता येतो. −१.०० / −०.५० × १८० आणि −१.५० / +०.५० × ९० ही एकच काच आहे. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज करायची, आडव्या नंबरचे चिन्ह उलटे करायचे आणि कोनात ९० अंश मिळवायचे किंवा वजा करायचे, की एक पद्धत दुसरीत बदलते. एवढे करूनही आकडे जुळले नाहीत, तर चष्मा बिलासह परत करावा.

नवा नंबर, विशेषतः आडवा, अंगवळणी पडायला काही दिवस लागतात. आठवडाभराने, कामाच्या जागी वापरूनही डोके दुखत असेल, जमीन तिरकी वाटत असेल किंवा धागा नीट दिसत नसेल, तर नवा चष्मा, जुना चष्मा आणि चिठ्ठी ही तिन्ही घेऊन ज्याने नंबर काढला त्याच्याकडे जावे. काच चिठ्ठीप्रमाणे असेल तर नंबर पुन्हा तपासून देणे हे त्याचे काम आहे, आणि काच चिठ्ठीप्रमाणे नसेल तर ती बदलून देणे हे विकणाऱ्याचे.